साडीच्या किनारीची गाठ

डोंबिवलीतल्या एका जुन्या तीन मजली इमारतीत एक बाई राहत होत्या. महापालिकेच्या शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. घरात त्या एकट्या, आणि रोज सकाळी दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची एक पिशवी.

त्या पिशवीचं बाई काय करतात हे साऱ्या इमारतीला माहीत होतं. कात्रीने कोपरा कापताना त्या तो तुकडा पूर्ण तोडत नसत, पिशवीलाच लटकता ठेवत. दूध पातेल्यात ओतून झालं की पिशवीत थोडं पाणी घालून ती खळखळून घेत. ते पाणी तुळशीला जाई. मग पिशवी उलटी करून खिडकीतल्या दोरीला चिमट्याने लावत. वाळली की घडी करून डब्यात ठेवत. तेलाच्या, रव्याच्या, साखरेच्या पिशव्याही त्याच डब्यात जात. डबा भरला की त्या सगळ्याचा गठ्ठा करून तो जुन्या साडीच्या फाडलेल्या किनारीने बांधत आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी वेगळा ठेवून देत.

शेजारणी विचारत, "बाई, याचे किती पैसे मिळतात हो?"

"मी विकत नाही."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

"कुणाच्या तरी हातात जाणारच ना ते," बाई म्हणत आणि चिमटा लावत.

या सवयीला एक कारण होतं. २६ जुलै २००५ चा पाऊस. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि इकडे उल्हास आणि वालधुनी नद्यांनी कल्याण परिसरातली कितीतरी घरं पाण्यात घेतली. बाई तेव्हा याच इमारतीत तळमजल्यावर राहत होत्या. पाणी दारातून आलं नाही, मोरीतून वर आलं. पाऊस थांबला तरी ते हटेना. शेवटी महापालिकेचा एक सफाई कामगार आला. गटाराच्या तोंडाशी तो चिखलात आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून ओढू लागला. एक पिशवी आली. मग दुसरी. मग ओंजळ-ओंजळ पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, पुन्हा पिशव्या. बऱ्याच वेळाने पाण्याला वाट मिळाली. माणूस उठला तेव्हा त्याच्या मनगटावर पातं लागलेलं होतं आणि रक्त येत होतं.

बाईंनी त्याचा हात धुऊन हळद लावली, चहा दिला. तो गेल्यावर त्या उपसलेल्या ढिगाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यातली एकही पिशवी आपली नाही, असं त्यांना छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

पुढे तिसऱ्या मजल्यावरची खोली रिकामी झाली तेव्हा त्या वर राहायला गेल्या. त्यांच्या घरात पाणी शिरण्याची भीती आता उरली नव्हती. खिडकीतली दोरी मात्र कायम राहिली.

बाईंचा गठ्ठा कचऱ्याच्या गाडीतून जिथे जाई, तिथे दुसरी एक बाई राहत होती.

कल्याणच्या पश्चिमेला, खाडीच्या काठाशी, आधारवाडीचं डम्पिंग होतं. कल्याण-डोंबिवलीचा सगळा कचरा वर्षानुवर्षं तिथे येऊन पडे. त्याचा डोंगर झाला होता. डोंगराच्या पायथ्याशी झोपड्या होत्या. त्या बाईला तिथे सगळे मावशी म्हणत. तिचे आईवडील ७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले होते. बापाने हमाली केली, आईने कचरा वेचला. तिच्या हातात आईचाच कचरा उकरायचा आकडा आला.

मावशीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण प्लास्टिक कळत होतं. पाण्याची बाटली वेगळी, बादली-मग्याचं कडक वेगळं, दुधाची पिशवी वेगळी. हातात घेऊन चुरगाळली की आवाजावरून ती सांगे, हे चालेल, हे नाही चालणार. वेफर्सचं चकचकीत पाकीट भंगारवाला घेत नसे. त्यात प्लास्टिक आणि चांदीसारखा पत्रा एकमेकांना चिकटलेले. ते धड वितळत नाहीत, धड सुटत नाहीत. दुधाच्या पिशवीला मात्र भाव होता. ती कारखान्यात जाऊन वितळे, तिचा दाणा बने आणि दाण्याचे पाइप होत. पण भाव होता तो स्वच्छ पिशवीला. आमटीत, भाजीत, राखेत बुडालेली पिशवी भंगारवाला काट्यावरून खाली टाकी आणि म्हणे, "हा माल नाही, ही घाण आहे." पिशवी तीच, कारखाना तोच. फरक पडे तो फक्त ती कुणाच्या मोरीतून कशी निघाली याने.

आणि डम्पिंगवर बहुतेक सगळं आमटीत बुडूनच येई. ओला कचरा आत कुजे, त्याचा वायू होई आणि उन्हाळ्यात डोंगर पेट घेई. प्लास्टिक जळण्याचा तो धूर दुर्गाडीपर्यंत दिसे. अग्निशमनचे बंब येत, पाणी मारत. वरची आग विझे, आतली धुमसत राही. मावशीची नात रात्री खोकत उठून बसे. शहराने हा धूर पुष्कळ वर्षं सोसला. २०१५ साली तर कचऱ्याची नीट व्यवस्था नाही म्हणून उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतली नवी बांधकामंच थांबवली होती. शहराला तेव्हा जाग आली ती घरांच्या प्रश्नाने. धुराच्या खाली राहणाऱ्या पोरांचा खोकला त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होता, हे इथे सांगून ठेवलं पाहिजे.

त्या ढिगात मावशीला कधीकधी एक गठ्ठा सापडे. साडीच्या किनारीने बांधलेला. किनार दर वेळी वेगळी, गाठ मात्र एकच. आत धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या पिशव्या. पहिल्यांदा तो हाती आला तेव्हा मावशी बराच वेळ तो उलटसुलट करून बघत राहिली. कचऱ्यात हात घालताना तिला सदा भीती वाटे. काच असे, पातं असे, सुई असे, लहान मुलांचे आणि बायकांचे पॅड असत. या गठ्ठ्यात तिने डोळे मिटून हात घातला असता तरी चाललं असतं.

"कोण पाठवतं गं हे?" नातीने विचारलं.

"आसंल कुणीतरी बाई," मावशी म्हणाली. "गड्याला किनार फाडायची सुचायची न्हाई."

किनारी ती टाकून देत नसे. नातीच्या वेण्यांना त्याच बांधल्या जात.

मग २०२० साल आलं. कोरोनाची टाळेबंदी लागली. लोकल बंद, भंगाराची दुकानं बंद. त्याच काळात, २५ मेपासून, महापालिकेने शून्य कचरा मोहीम सुरू केली. घनकचऱ्याचे उपायुक्त तेव्हा रामदास कोकरे होते. त्याआधी वेंगुर्ल्याला मुख्याधिकारी असताना त्यांनी तिथल्या कचरा डेपोचं लोक मुद्दाम बघायला येतील असं स्थळ करून दाखवलं होतं. इथे त्यांनी घरोघरी एकच सांगितलं: ओला कचरा वेगळा द्या, सुका वेगळा द्या, एकत्र दिलात तर उचलणार नाही. लोक चिडले. काही दिवस इमारतींच्या दारात कचरा पडून राहिला. पण हळूहळू गाडीत दोन प्रकारचा कचरा दोन ठिकाणी पडू लागला.

आधारवाडी बंद होणार, ही बातमी झोपड्यांत पोचली तेव्हा मावशीला आनंद झाला नाही. धूर जाणार हे खरं, पण डोंगर गेला तर खायचं काय? तिने आयुष्यभर त्याच डोंगराला शिव्या दिल्या होत्या आणि त्याच्यावरच चूल पेटवली होती. तिच्या सुदैवाने सुका कचरा निवडायच्या एका शेडमध्ये तिला काम मिळालं. सगळ्यांनाच मिळालं नाही. कचरावेचकांना या व्यवस्थेत सामावून घ्यावं असं २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलेलं होतं. पण लिहिलेलं आणि झालेलं यांत पुष्कळ अंतर असतं, ते तिने शेजारच्या झोपड्यांत पाहिलं.

शेडमध्ये ठरलेल्या भागांतल्या ठरलेल्या गाड्या येत. आता गठ्ठा ढिगात शोधावा लागत नसे. महिना भरत आला की डोंबिवलीच्या एका गाडीतून तो बरोबर येई, आणि गाडीवरचा पोरगा वरूनच ओरडे, "मावशी, तुमची किनार आली!"

त्या वर्षी नोव्हेंबरात महापालिकेने आणखी एक गोष्ट केली. पाच किलो प्लास्टिक आणून द्या आणि पोळीभाजीचं कूपन घ्या, असं जाहीर केलं. टाळेबंदीने पुष्कळांच्या हातचं काम गेलं होतं. रस्त्यावरचं प्लास्टिक उचललं जावं आणि उचलणाऱ्याच्या पोटात दोन घास जावेत, अशी ती सोय होती.

पाच किलो ऐकायला थोडे वाटतात. दुधाची रिकामी पिशवी जेमतेम अडीच-तीन ग्रॅमची असते. तसं पाहिलं तर पाच किलोंसाठी सतराशे ते दोन हजार पिशव्या लागतात. मावशी शेडमधून सुटल्यावर नातीला घेऊन नाल्याच्या काठाने, बाजाराच्या मागून, स्टेशनच्या रस्त्याने चालत येई. वाटेत दिसेल ती पिशवी उचली, नळावर धुई आणि झोपडीच्या पत्र्यावर वाळत घाली. पोतं भरलं की दोघी ते देऊन येत आणि पोळीभाजी घेत. नात म्हणे, "आजी, आज आपण पिशव्या खाल्ल्या." मावशी हसून म्हणे, "गाई खातात, त्यापरीस आपण खाल्लेल्या बऱ्या."

संक्रांत झाली आणि गठ्ठा आला नाही.

मावशीने आठवडाभर वाट पाहिली. मग आणखी एक. डोंबिवलीची गाडी येई, पोरगा मान हलवी. मावशीला करमेना. जिचं तोंड पाहिलं नाही, नाव माहीत नाही, तिची काळजी लागली होती.

"गाडी कुठल्या गल्लीतून भरून येते रे?" तिने विचारलं.

पोराने गल्ली सांगितली, इमारतीची खूण सांगितली. तिसऱ्या मजल्यावर खिडकीत पिशव्या वाळत असतात, असंही सांगितलं.

नेमकं त्याच दिवशी तिचं पोतं भरलं होतं. तिने ते देऊन कूपन घेतलं, पोळीभाजी बांधून घेतली, नातीचा हात धरला आणि डोंबिवली गाठली. इमारत सापडली. खिडकीतली दोरी रिकामी होती.

दारावरच्या माणसाने हटकलं, "कुठे चाललीस? इथे कचरा खाली मिळतो."

"कचऱ्याला न्हाई आले," मावशी म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना बघायला आले."

दार नुसतं लोटलेलं होतं. बाई पलंगावर पडून होत्या. मोरीत पाय घसरला होता, घोटा सुजून प्लॅस्टर चढलं होतं. स्वयंपाकाला येणारी बाई टाळेबंदीत गावी गेली ती परतली नव्हती. शेजारी विचारत, "बाई, काही हवंय का?" आणि बाई पडल्या पडल्याच म्हणत, "आहे हो सगळं." बाई कुणाला त्रास देत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी आत डोकावलं नव्हतं. इतके दिवस त्या दूध आणि बिस्किटांवर होत्या.

दारात एक अनोळखी बाई आणि एक मुलगी पाहून त्या उठू लागल्या.

"झोपा, झोपा," मावशी म्हणाली. "तुमच्या पिशव्या यायच्या बंद झाल्या. म्हटलं, बाईंना झालं तरी काय?"

बाईंना काही समजेना. मग त्यांची नजर मुलीच्या वेण्यांवर गेली. एका वेणीला जांभळी किनार होती, दुसऱ्या वेणीला हिरवी. हिरवी त्यांच्या लग्नातल्या साडीची होती.

मावशीने स्वयंपाकघरात जाऊन ताट घेतलं, पोळीभाजी वाढली आणि पलंगाशी आणून ठेवली.

"हे कुठून आणलंत?" बाईंनी विचारलं.

"पिशव्यांचं आहे," नात म्हणाली. तिने सगळं सांगितलं: पाच किलो, कूपन, पत्र्यावरचं वाळवण.

बाई बराच वेळ ताटाकडे बघत बसल्या. पंधरा वर्षं त्या पिशव्या धूत होत्या, आणि एकदाही त्यांनी त्या बदल्यात कशाची अपेक्षा केली नव्हती. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, पहिला घास मुलीला दिला आणि मग स्वतः जेवल्या.

बाईंचा पाय बरा होईपर्यंत मावशी दर रविवारी येत राहिली. आता दारावरचा माणूस तिला हटकत नसे. शेजारणींना लाज वाटली, पण लाज वाटून त्या थांबल्या नाहीत. आळीपाळीने डबा येऊ लागला. आणि एका रविवारी पहिल्या मजल्यावरच्या सुनेने मावशीलाच विचारलं, "आम्ही सगळं एका पिशवीत सुकं म्हणून देतो, ते चालतं ना?"

मावशीने बादलीभर पाणी मागितलं. इमारतीतली पोरं जमली. तिने पाण्याची एक बाटली घेतली, तिचा एक तुकडा कापला आणि पाण्यात टाकला. तो बुडाला. मग त्याच बाटलीचं बूच टाकलं. ते तरंगलं. दुधाच्या पिशवीचा तुकडाही तरंगला.

"बाटली एकच, पण बूच येगळ्या जातीचं," ती म्हणाली. "दोन्ही एकत्र वितळवलं तर दाणा खराब व्हतो. मग कारखानदार घेत न्हाई, भंगारवाला घेत न्हाई, आन् ते परत नाल्यात जातं. म्हनून आमी निवडतो. तुमी नुसतं धुऊन दिलं तरी आमचं निम्मं काम व्हतं."

पोरांनी घरातून दिसेल ते आणून बादलीत टाकायला सुरुवात केली. टूथब्रश, डबे, झाकणं, फुटलेली खेळणी. कुठलं बुडतं, कुठलं तरंगतं यावर भांडणं झाली. मावशी प्रत्येक वस्तू हातात घेऊन निवाडा देत होती. बाई खुर्चीवर बसून बघत होत्या. इतकी वर्षं शिकवूनही त्यांना हे ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "आजचा तास मावशींचा."

पावसाळ्याआधी त्या इमारतीच्या आठ खिडक्यांत दोऱ्या आल्या. गठ्ठे मोठे होऊ लागले. साडीच्या किनारी अपुऱ्या पडल्या, तेव्हा पोरांनी बुटांच्या जुन्या नाड्या दिल्या.

या गोष्टीतल्या बाई आणि मावशी गोष्टीतल्याच आहेत. त्यांच्याभोवती शहरात जे झालं ते मात्र घडलेलं आहे. शून्य कचरा मोहीम, पाच किलोंची पोळीभाजी हे कल्याण-डोंबिवलीत झालं, आणि मे २०२१ मध्ये आधारवाडीच्या डम्पिंगवर कचरा टाकणं थांबलं. डोंबिवलीतली ऊर्जा फाउंडेशन ही संस्था घराघरांतून साठवलेलं प्लास्टिक गोळा करून पुण्याच्या रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्यूशन्सकडे पाठवत आली आहे. जेजुरीजवळच्या त्यांच्या प्रकल्पात ते हवेविना तापवून त्यातून इंधन काढतात. यंत्रं आहेत, नियम आहेत, गोळा करणारे हात आहेत. तरीही पिशवी त्या हातांपर्यंत पोळी होऊन पोचते की जखम होऊन, हे ती ज्या घरातून निघते तिथेच ठरतं. बाईंना मावशी दिसत नव्हती. तरी त्या रोज सकाळी तिच्यासाठी पिशवी धूत होत्या, आणि म्हणूनच एक दिवस मावशीला त्यांच्या खिडकीतली रिकामी दोरी दिसली.

उद्या सकाळी दुधाची पिशवी कापाल तेव्हा कोपरा तोडू नका. पिशवी धुवा, वाळवा आणि सुक्या कचऱ्यात वेगळी बांधून द्या. आणि तुमच्या इमारतीचा कचरा जी नेते, तिला एकदा तिचं नाव विचारा.